गिऱ्हाइकाचं नाव कुठे आहे?

(यवतमाळ येथे तरुण-तरुणींच्या एकदिवसीय शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



संयोजकांनी मला दिलेला विषय आहे, ‘बालकांची लैंगिक तस्करी : कारणे आणि उपाय’. असा विषय दिला की वक्ता काय बोलतो हे तुम्हाला पाठ आहे. कारणं म्हणून तो गरिबी सांगतो, निरक्षरता सांगतो, हल्ली मोबाईल सांगतो. उपाय म्हणून जनजागृती सांगतो. मग चहा होतो आणि सगळे घरी जातात. ही कारणं खोटी नाहीत. पण आपल्या जिल्ह्यात गरीब घरं हजारो आहेत, आणि त्यांतल्या बहुतेक घरांतल्या मुली विकल्या जात नाहीत. मुलगी विकली जाते तेव्हा गरिबीच्या जोडीला आणखी एक गोष्ट हजर असते. पैसे मोजणारा माणूस. मी आज बहुतेक वेळ त्या माणसाबद्दल बोलणार आहे. बाजारात त्याला गिऱ्हाईक म्हणतात.

सुरुवात माझ्या घरापासून करतो. पांढरकवड्याच्या अलीकडे हायवेवर माझ्या अब्बांचं टायरचं दुकान होतं. हो, पंक्चरचंच. हसा, हरकत नाही. सोशल मीडियावर हा शब्द आपल्याला शिवीसारखा ऐकवतात, पण मला त्याच दुकानाने वकील केलं. तेव्हा त्या रस्त्याला सात नंबरचा हायवे म्हणायचे, आता तो चव्वेचाळीस झाला आहे. मी दहावीत होतो. एका पहाटे एक ट्रक थांबला. ड्रायव्हर ओळखीचा, नेहमी येणारा, उधारी न ठेवणारा. केबिनमध्ये एक मुलगी बसली होती. माझ्या धाकट्या बहिणीएवढी. अंगावर नवा ड्रेस, त्याची किमतीची चिठ्ठीसुद्धा काढलेली नव्हती. तिने पाणी मागितलं, मी डब्यातलं पाणी दिलं. ड्रायव्हर आपणहून म्हणाला, ‘‘नात्यातली आहे, आदिलाबादला सोडायची आहे.’’ आम्ही काही विचारलेलं नसताना म्हणाला. अब्बांनी माझ्याकडे पाहिलं, मी अब्बांकडे. आम्ही ट्यूब लावली, पैसे घेतले, ट्रक गेला. अब्बांनी वुजू करून फजर पढली. त्या पहाटेबद्दल आमच्या घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही.

ती खरंच नात्यातली असेल. मला माहीत नाही, आणि आता कळणारही नाही. पण तेव्हा मी विचारलं का नाही, हे मला नीट माहीत आहे. रोजचं गिऱ्हाईक तुटेल म्हणून.

आता थोडं वर्तमानपत्राकडे वळू. या विषयावरची कुठलीही बातमी काढा. ‘सेक्स रॅकेटचा पर्दाफाश, तीन मुलींची सुटका, दोन दलाल अटकेत.’ मुलींची संख्या असते. दलालाचं नाव असतं, घरमालकिणीचं असतं. छाप्याची हकिगत असते : पोलिसांना गुप्त माहिती मिळाली, त्यांनी बनावट ग्राहक पाठवला, इशारा मिळताच पथक आत शिरलं. म्हणजे पूर्ण बातमीत गिऱ्हाईक एकच, तेही पोलिसांनी पाठवलेलं! खरी गिऱ्हाइकं कुठे गेली? आदल्या रात्री होती ती, आदल्या महिन्यातली? त्यांच्याच पैशावर ते घर चालत होतं. त्यांच्याविषयी एक ओळ नसते. आणि आपली भाषा बघा. मुलगी ‘विकली गेली’, ‘पळवली गेली’, ‘धंद्याला लागली’, ‘वाममार्गाला लागली’. विकत कोणी घेतली, हे सांगायची वेळ या वाक्यांवर येतच नाही.

आपल्या जिल्ह्यातलाच दाखला देतो. झरी-जामणी तालुका. इथून गेलात तर पांढरकवडा ओलांडून पुढे, पैनगंगेच्या काठाकाठाने तेलंगणाच्या हद्दीपर्यंतचा मुलूख. तिथे कोलाम समाजाची पोडं आहेत. महाराष्ट्रात ज्या तीन जमातींना सरकार विशेष असुरक्षित मानतं, कोलाम त्यांतली एक. बाकीच्या दोन म्हणजे कातकरी आणि माडिया गोंड. या भागात वर्षानुवर्षं बाहेरून माणसं येत राहिली. रस्त्याच्या कामाचे ठेकेदार आले, जंगलकामाचे आले, उधारीवर माल देणारे व्यापारी आले. कुणी लग्नाचं वचन दिलं, कुणी मजुरीचे पैसे अडवून धरले, कुणी साडी-चोळी आणि थोडे पैसे दिले. काम संपलं की माणूस गेला आणि पोडात मुलगी राहिली, पोटात मूल घेऊन. त्यांतल्या कित्येक जणी अठरा वर्षांच्या आतल्या होत्या.

वर्तमानपत्रांनी हा प्रश्न उचलून धरला, ते बरंच केलं. पण त्याला नाव काय मिळालं? ‘कुमारी मातांचा प्रश्न’. सरकारी कागदांतही तेच नाव आहे, आणि विधानसभेपर्यंत गेलं तेही तेच. अशा माता किती, यावर अधिकारी आणि कार्यकर्ते यांच्यात वाद झाले. सर्वेक्षणं झाली, पुनर्वसनाच्या योजना जाहीर झाल्या. आयांची यादी झाली. बापांची यादी मी वकिलीच्या इतक्या वर्षांत कधी पाहिली नाही. ‘कुमारी माता’ हा शब्द मराठीत रुळला. त्या ठेकेदारासाठी शब्दच तयार झाला नाही. सोळा वर्षांच्या मुलीला मूल झालं असेल तर कायद्याच्या दृष्टीने तो गुन्ह्याचा पुरावा आहे, मग ती हो म्हणाली असो की नाही. आपण त्याला ‘समस्या’ म्हटलं आणि समस्या मुलीच्या नावावर लावली.

तुम्ही म्हणाल, ही तस्करी कुठे झाली, मुलगी तर गावातच राहिली. बरोबर आहे. इथे मुलीला नेलं नाही, गिऱ्हाईकच चालत पोडात आलं. पण घडलं तेच. गरजू घर, मध्ये एखादा ओळख करून देणारा, आणि आपल्याला कोणी विचारणार नाही याची खात्री असलेला एक पुरुष. आणि असं एकदा झालेली मुलगी पुढच्या दलालाला सोपी जाते, कारण गावाने तिला तोवर सोडून दिलेलं असतं.

त्या हायवेवरून आता उत्तरेकडे जाऊ. दीडशे किलोमीटरवर नागपूर. इतवारीजवळ गंगा-जमुना ही वस्ती आहे, पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली. विदर्भातल्या मुलांना ते नाव कसं ठाऊक असतं हे मी विचारत नाही, कारण मलाही शाळेतच कळलं होतं. ऑगस्ट २०२१मध्ये तेव्हाचे पोलीस आयुक्त अमितेश कुमार यांनी ही वस्ती सील केली, बॅरिकेड लावले. अल्पवयीन मुली तिथे आणल्या जातात, हे त्यामागचं एक कारण सांगितलं गेलं. वस्तीतल्या बायकांनी विरोध केला. आपल्या यवतमाळच्या जांबुवंतराव धोटे यांच्या कन्या ज्वाला धोटे त्यांच्या बाजूने रस्त्यावर उतरल्या, बॅरिकेड हटवायला पुढे झाल्या. तेव्हा आपल्याकडेही दोन तट पडले होते.

माझं मत सांगतो, पटलं नाही तर नंतर भांडा. प्रौढ बाई आणि लहान मुलगी या दोन गोष्टी एकात कालवू नका. मे २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बुद्धदेव कर्मास्कर प्रकरणात सांगितलं की देहविक्री करणाऱ्या प्रौढ बाईलाही सन्मानाने जगण्याचा हक्क आहे, छाप्यात तिला छळू नका. मला ते मान्य आहे. मुलीच्या बाबतीत मात्र चर्चेला जागाच नाही. अठराच्या आतल्या मुलीची संमती कायद्यात शून्य आहे. पण वस्तीला टाळं ठोकल्याने मागणीला टाळं लागतं का? ज्या पुरुषाला कोवळी मुलगीच हवी आहे, तो बॅरिकेड बघून घरी जाऊन झोपत नाही. तो लॉज शोधतो, भाड्याचा फ्लॅट शोधतो, मोबाईलवर नंबर शोधतो. वस्ती हलली तर मुलगी आणखी आत, आणखी अंधारात जाते, जिथे कार्यकर्ताही पोचत नाही. टाळं बाईच्या दाराला लागलं, गिऱ्हाइकाच्या घराला नाही.

मुंबईत कामाठीपुऱ्यात प्रीती पाटकर आणि प्रवीण पाटकर यांनी १९८६मध्ये ‘प्रेरणा’चं काम सुरू केलं. त्यांच्या कामातली मला सर्वांत शहाणी वाटलेली गोष्ट साधी आहे. रात्री आई धंद्यावर असते तेव्हा तिची मुलगी कुठे असते? त्याच खोलीत, खाटेखाली, नाही तर रस्त्यावर. म्हणून त्यांनी रात्रीचं पाळणाघर काढलं. आईच्या मागोमाग मुलगी त्याच धंद्यात ओढली जाणं तिथून थांबायला लागलं. जनजागृती, जनजागृती असं आपण म्हणत राहतो. त्यांनी फक्त मुलगी रात्री कुठे झोपते, एवढं विचारलं.

आता हायवेवरून दक्षिणेकडे. पिंपळखुटीचा नाका, पैनगंगेचा पूल, आदिलाबाद, आणि तिथून पुढे हैदराबाद. आपल्या सोयरिकी आहेत तिकडे. लग्नाचे कपडे आणायला आपण चारमिनारला जातो. इथून पुढचं जरा कान देऊन ऐका, कारण हे आपलं आहे.

१९९१ साली हैदराबादहून दिल्लीला जाणाऱ्या विमानात एका हवाईसुंदरीला दहा-अकरा वर्षांची एक मुलगी रडताना दिसली. शेजारी साठीच्या आसपासचा सौदी माणूस. तो म्हणाला, ही माझी बायको. मुलगी म्हणाली, मला घरी जायचंय. त्या हवाईसुंदरीने नुसतं हळहळून चहाचा कप पुढे केला नाही. तिने तिला बाजूला घेतलं, सगळं विचारलं, आणि दिल्लीला उतरल्यावर प्रकरण पोलिसांकडे गेलं. देशभर गाजलं. निकाहनामा होता हो त्या माणसाकडे. कागद होता, काझी होता, साक्षीदार होते. फक्त लग्न नव्हतं.

तुम्हाला वाटेल ही जुनी गोष्ट. सप्टेंबर २०१७मध्ये हैदराबाद पोलिसांनी ओमान आणि कतारच्या आठ नागरिकांना पकडलं. त्यांच्याबरोबर दलाल पकडले, लॉजवाले पकडले आणि काझीही पकडले, त्यांतला एक मुंबईचा होता. पद्धत काय होती? परदेशातून म्हातारा येतो. दलाल लॉजवर मुली दाखवतो, चार-पाच जणींना ओळीत बसवतो. पसंती झाली की पैसे ठरतात. मोठा वाटा दलाल खातो, उरलेला आई-बापाच्या हातात. निकाह लागतो आणि त्याच बैठकीत तलाकच्या कागदावरही मुलीचा अंगठा किंवा सही घेऊन ठेवतात. पंधरा दिवस, महिनाभर. मग व्हिसा संपतो, तो जातो, कागदावर तारीख पडते. कधी मुलीला आखातात नेतात आणि तिथे ती घरकामाला आणि सगळ्याच कामाला जुंपली जाते.

याला मी निकाह म्हणायला तयार नाही. महर ही मुलीची, तिच्या हातात पडायची गोष्ट. इथे ती दलालाच्या खिशात पडते. मुदत ठरवून, तलाक आधी लिहून घेऊन लावलेला निकाह कोणत्या सुन्नी आलिमला मान्य आहे, हे मला दाखवा. पण तो लावला गेला. दाढीवाल्या, टोपीवाल्या, समाजात ज्यांना उठून सलाम करतात अशा माणसांनी लावला. आपल्या धर्माचा सर्वांत पवित्र करार गिऱ्हाइकाच्या सोयीसाठी वापरला गेला, आणि आपल्या किती मशिदींत त्यावर जुम्याचा खुतबा झाला?

सूरह नूर तुम्ही पढता. तिसाव्या आयतीत नजर खाली ठेवण्याचा हुकूम आहे, आणि तो आधी पुरुषांना आहे. बायकांचा उल्लेख त्याच्या पुढच्या आयतीत येतो. आपल्याकडच्या तकरिरी मात्र थेट पुढच्या आयतीपासून सुरू होतात! त्याच सूरहमध्ये तेहतिसावी आयत आहे. दासींना पैशासाठी देहविक्रीला भाग पाडू नका, असा तिचा आशय. आणि ज्यांना भाग पाडलं गेलं त्यांच्यासाठी अल्लाह माफ करणारा, दयाळू आहे, हेही तिथेच आहे. हदीसमध्ये येतं की मदिन्यातला अब्दुल्लाह बिन उबय आपल्या दासींना कमाईसाठी पाठवायचा, त्या संदर्भात ही आयत आली. कोण होता तो? शहरातला बडा माणूस. लोक त्याला नेता करायला निघाले होते. चौदाशे वर्षांपूर्वी बोट प्रतिष्ठित माणसाकडे दाखवलं गेलं, आणि आपण अजून मुलीच्या ओढणीची लांबी मोजतो आहोत.

आता अवघड भाग. १९९२मध्ये अजमेरचं प्रकरण बाहेर आलं. शाळा-कॉलेजातल्या मुलींना जाळ्यात ओढायचं, फोटो काढायचे, मग धमकावून पुन:पुन्हा अत्याचार करायचे आणि एकीकरवी दुसरीला बोलावून घ्यायचं. आरोपींमध्ये दर्ग्याच्या खादिम घराण्यातले तरुण होते. शहरात वजन असलेले. ऑगस्ट २०२४मध्ये त्यांतल्या आणखी सहा जणांना जन्मठेप झाली. बत्तीस वर्षं. तेव्हाच्या मुली आज आजी झाल्या असतील, आणि न्यायालयात उभं राहून पुन:पुन्हा तेच सांगत राहिल्या.

हे नाव काढलं की आपल्या बैठकीत शांतता पसरते. मला कारण माहीत आहे. या प्रकरणाचा वापर करून आपल्या सगळ्यांना, म्हणजे तुम्हालाही, जे तेव्हा जन्मलेही नव्हते, गुन्हेगार ठरवणारे लोक आहेत. सिनेमे निघतात, व्हिडिओ फिरतात. म्हणून आपण गप्प बसतो, किंवा लगेच दुसऱ्यांची प्रकरणं मोजायला लागतो : त्यांचा तो बाबा, त्यांचा तो नेता. ती प्रकरणंही खरीच आहेत. पण हा हिशेब मांडून कोणती मुलगी वाचते? आपला गुन्हेगार आपला आहे म्हणून आपण झाकायचा आणि त्यांचा त्यांनी झाकायचा, यासारखी सोय गिऱ्हाइकाला दुसरी नाही. झरी-जामणीचे ठेकेदार सगळ्या जातिधर्मांचे होते. मुलगी विकत घेताना कोणी जात विचारत नाही, पकडला गेल्यावर मात्र प्रत्येकाला आपली जमात आठवते.

झाकायचं नाही असं ठरवलं की काय होतं, हेही महाराष्ट्रात दिसलं आहे. अहमदनगरमध्ये २००६च्या सुमाराला एका अल्पवयीन मुलीचं प्रकरण बाहेर आलं. तिला शहरातल्या पैसेवाल्यांकडे पाठवलं जात होतं. गिरीश कुलकर्णी यांची ‘स्नेहालय’ ही संस्था तिच्या पाठीशी उभी राहिली. धमक्या आल्या, दबाव आला. २०१०मध्ये न्यायालयाने अनेक आरोपींना जन्मठेप सुनावली. आणि त्या यादीत नुसते दलाल नव्हते, ज्यांच्याकडे तिला पाठवलं गेलं ते प्रतिष्ठित लोकही होते. मुलगी बोलली, कारण तिच्या मागे माणसं शेवटपर्यंत उभी राहिली. खटला वर्षानुवर्षं चालतो. पहिल्या मोर्चाला गर्दी असते. चौथ्या वर्षी साक्षीच्या तारखेला मुलीबरोबर कोर्टाच्या बाकावर कोण बसतं, ते महत्त्वाचं. ते बाक मी रोज बघतो. बहुतेक वेळा तिथे एक आई असते आणि तिची मजुरी बुडालेली असते.

कायदा थोडक्यात सांगतो. १९५६चा अनैतिक व्यापार प्रतिबंधक कायदा गिऱ्हाइकाबद्दल अगदी गुळमुळीत आहे, त्याचा मार बहुतेक बाईवरच बसतो. पण मुलीचं वय अठराच्या आत असेल तर चित्र बदलतं. २०१२चा पॉक्सो कायदा आहे. सोळाच्या आतल्या मुलीवर बलात्कार झाला तर किमान वीस वर्षं. पैसे दिले होते, ती हो म्हणाली होती, यातलं काहीही चालत नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेचं १४४वं कलम तर सरळ गिऱ्हाइकासाठीच आहे म्हणा ना. तस्करी करून आणलेलं मूल आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला कारण असताना, त्याचं लैंगिक शोषण करणाऱ्याला किमान पाच वर्षं, कमाल दहा. आणि निकाहनामा दाखवूनही सुटका नाही. ऑक्टोबर २०१७मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की अठराच्या आतल्या पत्नीशी संबंध हाही बलात्कार आहे. ‘मुलगी बालिग झाली’ असं म्हणून तेराव्या-चौदाव्या वर्षी निकाह लावून देणारे आपल्यात आहेत. त्यांना हे ऐकवा.

आणखी एक. मुलगी हरवली की घरचे म्हणतात, ‘‘पळून गेली.’’ इज्जतीसाठी तक्रारही देत नाहीत. चौकीतही कधी कधी हेच ऐकायला मिळतं, ‘‘गेली असेल कोणाबरोबर, येईल चार दिवसांत.’’ १० मे २०१३ला सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला आहे की हरवलेल्या प्रत्येक मुलाचा गुन्हा नोंदवायचा आणि अपहरण किंवा तस्करी झाली असं गृहीत धरून तपास करायचा. चार दिवस थांबायचं नाही. पहिल्या रात्रीत मुलगी नागपूरही ओलांडते आणि आदिलाबादही.

आता तुमच्याकडे येतो. मघाशी गंगा-जमुनाचं नाव घेतलं तेव्हा मागच्या रांगेत दोघं-तिघं हसले. मी रागावलो नाही, त्या वयात मीही हसायचो. पण आज तुमच्यातला कोणी नागपूरला गेला नाही तरी बाजार त्याच्या खिशात आहे. ग्रुपवर येणारे व्हिडिओ. त्यात मुलगी लहान दिसते आहे हे कळतं, तरी पुढे पाठवलं जातं. कोणीतरी म्हणतं, मी तर फक्त बघितलं. २३ सप्टेंबर २०२४चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल वाचा. मुलांच्या शोषणाचं असं साहित्य जवळ ठेवणं, ते न पुसणं, न कळवणं, हाही पॉक्सोखाली गुन्हा होऊ शकतो. न्यायालयाने हेही सांगितलं की याला ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ म्हणू नका, कारण त्या शब्दाने ते मौजेसारखं वाटतं. ते शोषण आहे. तो व्हिडिओ बनला तेव्हा एका खोलीत एक खरी मुलगी होती. आणि बनवणाऱ्याने तो बनवला, कारण बघणारे आहेत हे त्याला माहीत होतं.

शेवटी कामाचं बोलू. इथे बसलेल्यांपैकी काही जण लॉजच्या काउंटरवर बसतात. ओळखपत्र एकाचंच घेऊन खोली देऊ नका, बरोबरच्या मुलीचंही मागा. मालक ओरडेल, ओरडू दे. काही जण ट्रॅव्हल्सवर आहेत, ऑटो चालवतात. कोणी झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान चालवतं. आधारवरची जन्मतारीख दोन वर्षं मागे करून द्या, असं सांगत कोणी अनोळखी माणूस मुलीला घेऊन आला तर ते काम करू नका, आणि नुसतं नाही म्हणून थांबूही नका. १०९८ हा चाइल्डलाइनचा नंबर, ११२ पोलिसांचा. आपण स्वतः हिरो बनून मुलीला सोडवायला जायचं नाही. दलाल सावध होतो आणि मुलगी रातोरात हलवली जाते. फोन करायचा, तुमचं नाव-गाव सांगायचा आग्रह तिथे धरत नाहीत. आणि पॉक्सोनुसार अल्पवयीन मुलीवर अत्याचार झाल्याचं माहीत असून न कळवणं हाही गुन्हाच आहे. मुलीचं नाव, फोटो, गाव कोणत्याही ग्रुपवर टाकायचं नाही, संतापाच्या भरातसुद्धा नाही.

मशीद कमिटीत ज्यांचे अब्बा, चाचा आहेत त्यांनी एक विनंती घेऊन जा. निकाहच्या रजिस्टरला मुलीचा जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला जोडल्याशिवाय काझीसाहेबांनी सही करायची नाही. मुलगा परगावचा असेल, मध्यस्थ अनोळखी असेल, आणि ‘हुंडा नको, उलट आम्हीच खर्च करतो’ असं म्हणत असेल, तर त्या गावच्या जमातीत फोन करून चौकशी करायची. कमिटी म्हणेल, इतका वेळ कुणाला आहे. तर चौकशी करायला तुम्ही जा.

बाहेर टेबलावर एक कागद ठेवला आहे. कोर्टाच्या तारखेला मुलीच्या आईबरोबर बाकावर बसायला ज्यांना महिन्यातून एक दिवस काढता येईल, त्यांनी नाव आणि मोबाईल नंबर लिहा. बोलायचं काही नाही, फक्त बसायचं आहे, आणि तिला पाणी लागलं तर आणून द्यायचं आहे. जोहरला अजून वीस मिनिटं आहेत, तोवर प्रश्न घेऊ. मागच्या रांगेपासून सुरू करू या.